ताईची दोरी

४ नोव्हेंबर

धाकट्या,

वर ‘प्रिय’ लिहायचं विसरले नाही, मुद्दाम गाळलंय. हे पत्र तुझ्या धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात, खाकी शर्टाच्या खिशात घालतेय. लाँचवाला खाडीपलीकडे तुझ्या क्वार्टरवर गठ्ठा पोचवेल. फोनवर तुझा आवाज ऐकला तर माझ्या तोंडून काय बाहेर पडेल याचा मला भरवसा नाही, आणि समोर बेकरीवाला कान टवकारून बसलेलाच असतो.

काल तुझ्या कंपनीचा माणूस गल्लीत घरोघर एक गुळगुळीत पुस्तक वाटून गेला. बंदरात कोळशाचा दुसरा धक्का बांधायचाय, तोही आमच्या भिंतीला खेटून. त्याची पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, आणि वस्तीला कसा काही त्रास नाही हे पटवायला हे पुस्तक. मुखपृष्ठावर काय असावं? माझी गच्ची! माझ्या दोऱ्या, त्यावर हॉटेलच्या चादरी, दुधासारख्या पांढऱ्या. खाली लिहिलंय, ‘धक्क्याशेजारी स्वच्छ हवेत वाळणारे कपडे’. फोटो वरून काढलाय. इतक्या वरून माझी गच्ची एकाच जागेवरून दिसते. तुझ्या क्रेनच्या केबिनमधून.

अरे, त्या चादरी पांढऱ्या का राहतात हे तुला नाही तर कुणाला माहीत? क्रेनचा कोळशानं भरलेला पंजा उघडायच्या आधी तू खिडकीला लाल फडकं बांधतोस. ते बघून मी पळत जाऊन सगळं ओढून घेते. माझी दोरी रिकामी दिसली की गल्ली खिडक्या लावते, पोरं आत घेते. फडक्याचं त्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, ताईला वाऱ्याचा वास कळतो. अशी लपाछपी खेळत आम्ही दिवस काढतो, आणि तू त्यातला पांढरा क्षण तेवढा उचलून साहेबाच्या हातात ठेवलास!

भिंगरी पुन्हा दवाखान्यात आहे. माझी नात एका जागी ठरायची नाही म्हणून तूच तिला भिंगरी म्हणायला लागलास ना? आता अर्धा जिना चढली की पायरीवर बसते आणि खांदे वर करून श्वास ओढते. नाकातोंडावर वाफेचा मुखवटा लावून पडलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “औषध मी देईन हो, हवा कुठून देऊ?” पोर विचारते, मामाआबा कधी येणार. मी सांगितलं, मामाआबा फोटो काढून देण्यात गुंतलेत.

हे पुस्तक सुनावणीला गेलं की दुसरा धक्का झालाच म्हणून समज. मग तुझं फडकं रोजच लटकलेलं राहील, आणि भिंगरी रोजच कोंडलेली.

काय मिळालं रे बदल्यात?

ताई


९ नोव्हेंबर

ताईसाहेब,

पत्र पोचलं. शर्टाला कांजी एवढी होती की तुमचा राग थेट मानेला टोचला.

फोटो मी काढलेला नाही. साहेबांनी एका फोटोवाल्याला वर पाठवलं, “याला बंदर दाखव” म्हणून. मी त्याला जहाजं दाखवली, दीपस्तंभ दाखवला. त्यानं तुझ्या चादरी कधी टिपल्या मला काय माहीत? मी पंजाकडे बघत होतो. केबिनमधला माणूस इकडेतिकडे बघायला लागला तर खाली कुणाचं तरी डोकं फुटतं. पण तुझं लहानपणापासून असंच. आधी कानाखाली वाजवणार, मग विचारणार, “तूच सांडलंस ना रे?”

आणि बदल्यात काय मिळालं विचारतेस? इतकी वर्षं तुझ्या चादरींसाठी फडकं बांधतो, त्याबद्दल काय मिळालं? फोरमनला सांगून ठेवलंय की ते काच पुसायचं आहे. तो आधीच माझ्यावर डोळा ठेवून आहे. कुठलं जहाज कधी उघडणार हे बाहेर कळवणं म्हणजे सरळ घरची वाट. क्वार्टर जाईल, दवाखान्याचं कार्ड जाईल. तू म्हणशील, सोड ती नोकरी. सोडून करू काय? सगळं आयुष्य हवेत टांगून घेऊन काढलंय, जमिनीवरचं मला कुठलंच काम येत नाही.

भिंगरीला बघायला आलो होतो. दाराच्या काचेतून बघितली आणि परत फिरलो. तिच्या उशाशी तू बसली होतीस.

तेव्हा एक लक्षात ठेव. सुनावणीत फडक्याचा शब्द काढलास तर मी तुझा भाऊ नाही.

धाकटा


१६ नोव्हेंबर

धाकट्या,

भाऊ नाही म्हणे! आई गेली तेव्हा तुझं नाक कुणी पुसलं? तुझी वेणी घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं मी. आणि दवाखान्याच्या दारापर्यंत येऊन परत गेलास? वा रे शूर! तीनताड उंच केबिनमध्ये चढायला भीती वाटत नाही, बहिणीसमोर यायला पाय लटपटतात.

भिंगरी घरी आली. बोलते कमी, बघते जास्त.

दुसरं. तुझ्या गठ्ठ्यात याही खेपेला रुमाल नाहीत. मागच्या खेपेलाही नव्हते, मला वाटलं राहिले असतील. आता कळलं. तुमच्या क्वार्टरमध्ये नवीन मशीनवाली लाँड्री निघालीय ना? म्हणजे शर्ट ताईनं घासायचे आणि हलकेफुलके रुमाल मशीनवाल्याकडे. प्रत्येक रुमालाच्या कोपऱ्यात लाल धाग्यानं तुझी खूण घातलीय मी, डोळ्यांना चष्मा लावून. ती आता कुणाच्या ड्रममध्ये गरगरतेय? खुशाल फिरव. बायकोनं सुचवलं असेल तर तिलाही माझा नमस्कार सांग.

तुझ्या फडक्याचं मी बोलणार नाही, घाबरू नकोस. मला बोलायची गरजच नाही. आता कोळशाचं जहाज लागेल तेव्हा तू खिडकीला फडकं बांध नाहीतर अख्खं लुगडं बांध, मी जागची हलणार नाही. चादरी दोरीवरच राहतील. चांगल्या काळ्याठिक्कर होऊ देते, आणि तशाच सुनावणीत साहेबांच्या टेबलावर पसरते. म्हणावं, घ्या, हा दुसरा फोटो.

हॉटेलवाल्याला काय सांगायचं ते माझं मी बघेन.

ताई


२३ नोव्हेंबर

ताई,

काय केलंस हे?

फडकं सकाळपासून बांधलेलं होतं. तुला दिसत होतं. तुझ्या चादरी जागच्या हलल्या नाहीत, आणि तुझ्या चादरी हलल्या नाहीत म्हणून गल्लीतली एक खिडकी लागली नाही. शिंपीणबाई बाहेर पायरीवर मशीन घेऊन बसलेली. पोरं शाळेतून येऊन चेंडू खेळत होती. मला वरून सगळं दिसत होतं. भिंगरीचा पिवळा फ्रॉकही दिसत होता.

पंजा भरलेला, वारा तुमच्याकडे. मी भोंगा दिला, पुन्हा दिला. मान वर कोण करतंय, बंदरात दिवसभर भोंगेच वाजत असतात. पंजा तसाच हवेत धरून ठेवला. फोरमन खालून रेडिओवर ओरडायला लागला, “उघड!” मी म्हटलं, वारा आहे. तो म्हणाला, “वाऱ्याचा पगार घेतोस की कंपनीचा?”

मग उघडला. मीच उघडला. आधी भिंत दिसेनाशी झाली, मग पोरं.

तू तुझ्या रागात एक विसरलीस. ती दोरी आता तुझ्या एकटीची नाही. तिच्याकडे बघून बाया पोरं बाहेर सोडतात. तुला माझ्यावर सूड घ्यायचा होता, तर इथे येऊन माझ्या तोंडात मारायची होतीस.

भिंगरी वेळेत आत गेली का, एवढं लाँचवाल्याकडून तोंडी कळव. तुझ्या अक्षरात काही वाचायची इच्छा नाही.

(सही करत नाही.)


२८ नोव्हेंबर

धाकट्या,

माझं अक्षर वाचायचं नसेल तर डोळे मिटून घे. लाँचवाल्याच्या तोंडी असले निरोप देत नाही मी.

भिंगरी बरी आहे. तिला खोकला लागला तशी ती आपण होऊन आत आली, तिनंच मला बाहेर बोट दाखवलं. शिंपीणबाईचा धाकटा मात्र अजून दवाखान्यात आहे. शिंपीण माझ्या दारात उभं राहून जे बोलली ते कागदावर उतरवण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी खाली मान घालून ऐकलं. तूही तेच बोललास, पण तुझं ऐकून घेईन असं समजू नकोस.

काळ्या चादरी घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेले होते. सुनावणीपर्यंत धीर निघाला नाही. टेबलामागचा पोरगेलासा कारकून बोटाच्या चिमटीत चादर धरून म्हणतो, “मावशी, नीट धुतल्या नसतील.” मला! मी तिथून कशी बाहेर पडले मला आठवत नाही.

आता ऐक. सुनावणीवाले पुढच्या शुक्रवारी वस्ती डोळ्यांनी बघायला येणार आहेत. आणि लाँचवाला सांगतो, त्या दिवशी धक्क्याला लाकडाच्या ओंडक्यांचं जहाज लावणार आहेत, कोळसा चिमूटभरही उतरायचा नाही. कंपनीनं तारीख बरोबर साधलीय. ते येतील, पांढऱ्या चादरी बघतील, चहा पितील आणि जातील. आणि हो, मी पांढऱ्याच वाळत घालणार आहे. काळ्या घातल्या तर म्हणतील, बाईला धुवायला येत नाही.

तू वरून बघ. तुला जागाच चांगली मिळालीय.

रुमाल याही वेळी नाहीत. बरं.

ताई


५ डिसेंबर

धाकट्या,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? माझ्या मागच्या पत्राला ओळीचं उत्तर नाही, आणि आज हे?

अकराच्या सुमाराला मंडळी गच्चीवर आली. एक चष्मेवाल्या बाई, त्या मुख्य, त्यांच्याबरोबर दोघं, आणि तुमचा मॅनेजर पांढरे बूट घालून. आमच्या गच्चीवर पांढरे बूट! म्हणजे किती खात्री असेल बघ. चादरी वाऱ्यावर फडफडत होत्या, हवा स्वच्छ. खाली पोरं खेळत होती, शिंपिणीचं मशीन खडखडत होतं, बेकरीवाला दारात उभा. मॅनेजरनं हात असा फिरवला, जशी काय गल्ली त्यानंच धुऊन वाळत घातलीय. “बघा बाई, आपणच बघा.”

आणि तुझ्या खिडकीला लाल फडकं!

अरे, लाकडाचं जहाज! ओंडके डोळ्यांना दिसत होते! पण माझे पाय डोक्याला विचारतात कुठे? मंडळींच्या मधून धावले. एका साहेबाला कोपर लागलं. चिमटे उडाले, चादरी ओढून छातीशी घेतल्या, दोरी रिकामी केली. आणि खाली धडाधड सुरू झालं. खिडक्या, दारं, बेकरीचं शटर. शिंपिणीनं मशीन कापडासकट उचलून आत नेलं. बायांनी पोरं बखोटीला धरून ओढली. बघता बघता गल्लीत चिटपाखरू नाही, पोरांचा चेंडू तेवढा एकटाच घरंगळत गटारापर्यंत गेला. गच्चीच्या दारात भिंगरी बसली होती. तिनं कुणी न सांगता बादलीत रुमाल बुडवला आणि नाकातोंडावर धरून कोपऱ्यात सरकली.

चष्मेवाल्या बाई बघतच राहिल्या. “काय झालं? कसला भोंगा वाजला का?”

मी म्हटलं, “आभाळ आलं.”

आभाळ एवढं निळं होतं मेलं, की मलाच लाज वाटली.

बाई कठड्याशी गेल्या आणि बेकरीवाल्याला हाक मारून विचारलं, दुकान का लावलं. तो शटरच्या फटीतून ओरडला, “ताईची दोरी रिकामी झाली ना! कोळसा येतोय. तुम्हीपण आत व्हा, बाई, साडी खराब होईल!”

मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी सगळीकडे बघत होते, क्रेनकडे तेवढं बघत नव्हते. त्यावरूनच त्यांना कळलं असणार. त्यांनी मान वळवली. मॅनेजर घाईनं म्हणाला, “काच पुसायचं फडकं असेल ते.” बाई म्हणाल्या, “मग काच पुसायला काढली की ही मुलगी तोंडाला ओला रुमाल का लावते?”

मी शब्द पाळला, फडक्याबद्दल चकार शब्द काढला नाही. जे काढायचं नाही म्हणून मला दम दिलास तेच तू भरदिवसा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलंस! कोळसा नसताना मला माकडासारखं नाचवलंस. कशासाठी? मला वेडी ठरवायला? की स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचीच हौस आली होती?

याही वेळी गप्प बसलास तर पुढचा गठ्ठा तसाच, न धुता परत येईल.

ताई


११ डिसेंबर

ताई,

पुढचा गठ्ठा यायचा नाही. खाकी शर्ट जमा केले, केबिनच्या किल्ल्या जमा केल्या. क्वार्टर महिनाअखेर सोडायचंय.

त्या बाई तुझ्या गच्चीवरून सरळ ऑफिसात आल्या आणि मला खाली बोलावून घेतलं. मॅनेजर समोर बसलेला. त्यांनी विचारलं, “हे रोज बांधता?” मी म्हटलं, कोळसा असेल तेव्हा. “कुणासाठी?” मी म्हटलं, समोर माझी बहीण राहते, तिची नात आहे. त्यांनी सगळं लिहून घेतलं, मी सही केली. बाहेर पडलो तर फोरमन म्हणाला, “बहिणीच्या चादरींपायी भाकरी घालवलीस.” मी म्हटलं, हो.

कशासाठी, विचारतेस. त्या दिवशी वारा त्यांचा होता, जहाज त्यांचं होतं, तुझ्या चादरीसुद्धा त्यांच्याच बाजूनं फडफडत होत्या. धूळ दाखवणं माझ्या हातात नव्हतं. म्हटलं, निदान तुमची भीती दाखवावी. तुम्ही त्यात राहता, म्हणून तुम्हाला ती दिसत नाही. मी वरून बघतो. एक चिंधी हलली की अख्खी गल्ली मूठ आवळावी तशी मिटते. तुला आधी कळवलं असतं तर तू धावली नसतीस, नाटक केलं असतंस. आणि नाटक तुला कधीच जमलं नाही. ‘आभाळ आलं’ म्हणे!

सोबतच्या पिशवीत रुमाल आहेत. सगळे. मशीनवाल्याला एकही दिलेला नाही, उगीच माझ्या बायकोला नमस्कार पाठवलास. तुझ्याकडे पाठवले असते तर तू पहिल्याच रुमालावरून ओळखलं असतंस. मी खोकतो आणि त्यात काळं येतं, ताई. सुट्टीच्या दिवशीही येतं. कंपनीच्या डॉक्टरनं कार्डावर ‘सर्दी’ लिहिलं. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला. भिंगरीच्या दारापर्यंत आलो होतो तो दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरून, तोच फोटो काखेत धरून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत बसलेलं आता निघायचं नाही, नवीन बसू देऊ नका. मला आपलं वाटायचं, धूळ खाली जाते, मी तर वर आहे.

नवीन आलेला माणूस फडकं बांधणार नाही, त्याला ताकीद दिलीय. गल्लीला सांगून ठेव.

आणि तुझ्यावर अजून रागच आहे. शिंपिणीच्या पोराचं मी विसरलेलो नाही. तूही विसरू नकोस.

धाकटा


१९ डिसेंबर

धाकट्या,

रुमाल भिजत घातले. सोड्यात घातले, उकळत्या पाण्यात घातले, साबण लावून उन्हात ठेवले, पुन्हा घासले. कोपऱ्यातली लाल खूण लख्ख निघाली, मधलं काळं तसंच. आजवर या हातांनी डाग राहिलेला कपडा गिऱ्हाइकाला परत केलेला नाही. हेही करणार नाही. रुमाल पाठवत नाही. हवे असतील तर घ्यायला ये.

तुला एवढं छातीचं झालं आणि मला कपड्यांतूनसुद्धा कळू दिलं नाहीस. याचा राग वेगळा आहे, तो समोर आल्यावर काढेन.

शिंपिणीचा धाकटा घरी आला. ती माझ्याशी बोलत नाही, पण पोराचे शर्ट धुवायला टाकते. दुसरा धक्का तूर्त थांबवलाय. आहे त्या कोळशावर आधी छप्पर घाला, मग बघू, असं चष्मेवाल्या बाईंनी लिहिलंय म्हणे. तूर्त म्हणजे किती ते त्यांनाच माहीत. पुस्तकावरचा माझा फोटो मात्र काढायला लावला.

इकडे गल्लीचे हाल आहेत. नव्या माणसाची खिडकी कोरी असते. परवा कळलंच नाही. चादरी गेल्याच, भिंगरीला रात्रभर वाफ द्यावी लागली. बेकरीवाला रोज विचारतो, “ताई, आता दोरी कुणाच्या भरवशावर?” आता त्यालाही ठाऊक झालंय, मला वास-बीस काही कळत नाही.

म्हणून सांगते, विचारत नाही. खाडीकडची खोली रिकामी केलीय. वारा उलटा असला की तिथली हवा बरी असते. बायकोला घेऊन ये. सामान लाँचवाला आणेल, मी बोललेय त्याच्याशी. जमिनीवरचं काम येत नाही म्हणतोस ना, माझी गच्ची काही जमिनीवर नाही. खुर्ची टाकून ठेवलीय. धक्क्याला काय लागलंय आणि वारा कुठे चाललाय ते तुला तिथूनही दिसेल. माझ्या जुन्या लाल परकराचं फडकं करून कठड्याला ठेवलंय. भिंगरी ते कुणाला हात लावू देत नाही, म्हणते मामाआबांचं आहे.

एकच गोष्ट बजावून ठेवते. फडकं बांधलंस की आधी तू आत यायचंस. दोरीला हात लावायचा नाही, मला मदत करायला थांबायचं नाही. चादरी राहिल्या तर राहू देत. चादरी मला पुन्हा धुता येतात.

ताई